बाग आपली, बहार लोकांची

लाल पानांची मजा लुटायची असेल तर एकच पथ्य कटाक्षानं पाळावं. झाड आपल्या मालकीचं नसावं. भाड्याचंही नसावं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी कुंपणाआत असावं, रस्त्यानं जाता जाता दिसावं, आणि शक्यतो त्या कुंपणाआत कुणीतरी खराटा घेऊन वाकलेलं असावं. मग शरद ऋतू जो काही खुलतो म्हणता!

आमच्या घरी ते वाकलेलं कुणीतरी म्हणजे आमचे हे. म्हणून मला शरद ऋतू चांगला दिसतो.

तोक्योच्या उत्तरेला लागून सायतामा प्रांत आहे आणि त्यात कावागुची नावाचं शहर. या शहराचा आन्ग्यो हा भाग एदो काळापासून रोपवाटिकांसाठी ओळखला जातो. तिकडे आपली पेशवाई येऊन गेली तरी यांचं कलमं बांधणं चालूच. इथल्या माणसाला शेजारी राहायला आलेल्या कुटुंबाचं नाव कळायच्या आधी त्यांच्या झाडाचं नाव माहीत असतं. आम्ही याच भागात घर शोधायला आलो तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. घर जुनं, लाकडी, थंडीत आतबाहेर सारखंच गार. पण मागचं सरकतं दार उघडलं तर पुढे एनगावा, म्हणजे आपली लाकडी पडवी, आणि पडवीसमोर वन बीएचकेएवढ्या जागेत लालभडक पेटलेला एक मोमिजी. जपानी मेपल. ह्यांनी स्वयंपाकघर पाहिलंच नाही. गीझर चालतो का, विचारलं नाही. बागेची निगा भाडेकरूनं राखायची असं करारात एक कलम होतं, ते तर बक्षीस लागल्याच्या चेहऱ्यानं वाचलं. घरमालक ऐंशीच्या घरातले. मुलाच्या फ्लॅटवर राहायला निघालेले, वरच्या कुठल्याशा मजल्यावर. ‘एवढी बाग सोडून जाताना जड जात असेल,’ हे म्हणाले. म्हातारबुवा लवून लवून हसले आणि त्यांनी कोपऱ्यातला बांबूचा खराटा उचलून दोन्ही हातांनी ह्यांच्या हातात दिला.

जपानी बाग बांधणाऱ्यांनी मालकाची मान खाली राहील याची तजवीज मुळातच करून ठेवलेली आहे. पायवाट म्हणून दगड मांडतात ते सरळ रेषेत नसतात, सारख्या अंतरावर नसतात, एका मापाचेही नसतात. प्रत्येक पावलाला खाली बघावंच लागतं. जाणकार सांगतात, यात हेतू आहे. माणसानं सावकाश चालावं, आणि मधेच मोठा सपाट दगड आला की तिथं थांबून मान वर करावी, समोरचा देखावा डोळे भरून पाहावा. आमच्याकडे तो मोठा दगड बरोबर मोमिजीसमोर आहे. त्यावर पाला भरायच्या पिशव्या ठेवलेल्या असतात.

दगडांचं तर विचारूच नका. ‘साकुतेइकी’ नावाचा बागा कशा बांधाव्यात याबद्दलचा ग्रंथ अकराव्या शतकातला. त्यात दगड मांडताना दगडाच्या कलानं घ्यावं असं सांगितलं आहे. आणि मुळात आडवा पडलेला दगड उभा केला तर तो घरादाराला बाधतो, असा दमही भरला आहे. ह्यांना कढीपत्त्याच्या कुंडीसाठी उन्हाची जागा हवी होती. तिथला एक दगड जरा कडेला उभा करावा म्हणून ह्यांनी पहार लावली. शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या. बोलल्या काहीच नाहीत, फक्त दातांच्या फटीतून ‘स्स्स’ असा श्वास आत ओढला. जपानात चार महिने काढलेल्या माणसाला या ‘स्स्स’चा अर्थ कोशात बघावा लागत नाही. पहार जागच्या जागी परत गेली. कढीपत्ता आता न्हाणीघराच्या खिडकीत आहे आणि दगड आपल्या मर्जीनं आडवा.

ऑक्टोबर लागला की टीव्हीवरच्या नकाशात लाल पट्टा उतरू लागतो. वसंतात चेरीच्या फुलांचा पट्टा दक्षिणेकडून वर चढतो, हा उत्तरेकडून खाली येतो. होक्काइदोतल्या दाइसेत्सुझान पर्वतावर सप्टेंबरातच पानं रंगतात. आमच्या सखल भागात यायला नोव्हेंबरची अखेर उजाडते, कधी डिसेंबरही. कुठल्या देवळातली पानं कुठल्या आठवड्यात ‘बघण्याजोगी’ होतील याचे अंदाज खासगी हवामान कंपन्या देतात, आणि लोक ते बघून रजा टाकतात. सरकारी हवामान खात्याची तर नेमलेली झाडं असतात. त्या झाडात हिरवा रंग जवळपास उरलेला नाही अशी खात्री झाली की त्या शहरात मेपल लाल झाल्याची दप्तरी नोंद होते. बाकीच्या खासगी झाडांनी मग काय करायचं ते आपापलं बघावं. २०२१पासून खात्यानं निरीक्षणाच्या झाडाफुलांची यादी कापून सहावर आणली. भलीभली फुलं वगळली गेली, पण मेपलचं लाल होणं आणि गिंकोचं पिवळं होणं शाबूत राहिलं. मान्सून केरळात आला की नाही यावर आपल्याकडे जेवढं बोललं जातं, तेवढं इथं पानांवर बोललं जातं.

ह्यांचं हवामान खातं वेगळं. किमान तापमान साधारण ८ अंशांच्या खाली उतरू लागलं की पानं रंगायला लागतात, असं इथं सगळे सांगतात. ते कानावर पडल्यापासून हे सकाळी उठून चुळा भरायच्या आधी पारा बघतात आणि मला ‘सात!’ म्हणून ओरडून सांगतात. मी पांघरुणातून ‘बरं’ म्हणते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा असं जमलं की लाल रंग चढतो. थंडीची चाहूल लागली की झाड पानातलं हरितद्रव्य मोडीत काढतं, त्यातला उपयोगाचा ऐवज खोडाकडे परत ओढून घेतं आणि देठाशी हळूहळू बूच बसवतं. पिवळा रंग पानात पहिल्यापासूनच असतो, हिरव्याखाली दबलेला. हिरवा गेला की तो दिसतो. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो या शेवटच्या दिवसांत नव्यानं तयार होतो, पानात अडकून पडलेल्या साखरेतून आणि उन्हाच्या मदतीनं. म्हणजे घर सोडायचं ठरलंय, सामानसुमान बांधून झालंय, आणि तेवढ्यात भिंतींना नवा रंग काढायला घ्यायचा. आमच्या घरमालकांनी असलं काही केलेलं नव्हतं.

एकदा मी गळलेल्या पानांतलं एक उचलून एनगावावर घेऊन बसले. सात बोटांचं पान. पाच बोटं लालभडक, दोन अजून पिवळट हिरवी, आणि दोन रंगांमधली हद्द अगदी रेखीव. जरा तिरपं धरून पाहिलं तेव्हा उमगलं की ती हद्द म्हणजे दुसऱ्या एका पानाची कड आहे. ते पान फांदीवर याच्या माथ्यावर होतं. त्याची सावली पडली तिथं ऊन पोचलं नाही, आणि ऊन नाही म्हणून लालीही नाही. वरचं पान जाता जाता खालच्यावर आपल्या बोटांचा ठसा उमटवून गेलं होतं, देठाची एक बारीक वळणदार रेघसुद्धा त्यात दिसत होती. मी धावत जाऊन ह्यांना दाखवलं. ‘हे एक राहिलंच होतं होय,’ असं म्हणून ह्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पिशवीत टाकलं.

सासूबाई साताऱ्याला असतात. बहर ऐन भरात असताना ह्यांनी त्यांना व्हिडिओ कॉल लावून मोठ्या अभिमानानं झाड दाखवलं.

‘अरे, वाळलंय की ते!’ सासूबाई म्हणाल्या. ‘पाणी घालत नाहीस का?’

‘वाळलं नाही आई, रंगलंय. लोक लांबून लांबून बघायला येतात इथं.’

‘वाळलेलं झाड?’

‘रंगलेलं!’

‘तांबेरा पडलाय त्याच्यावर. आंबट ताक शिंपड चांगलं चार दिवस.’ मग त्यांनी चष्मा लावला आणि स्क्रीनच्या जवळ आल्या. ‘आणि खाली केवढा केर तो! सूनबाई, त्याला म्हणावं आधी झाडून काढ. आणि दिवेलागणीनंतर झाडायचं नाही हं.’

लोक बघायला येतात हे मात्र ह्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. आमचं कुंपण छातीएवढ्या उंचीच्या झुडपांचं आहे आणि मोमिजीच्या फांद्या त्यावरून रस्त्यावर ओणवतात. सकाळी पाळणाघरातल्या बाई रंगीत टोप्या घातलेली पोरं घेऊन येतात. पोरं वाकून पानं गोळा करतात, त्यांची बोटं मोजतात, आणि जाताना ती टोपीत भरून नेतात. ह्यांचं या पोरांवर फार प्रेम. मुलांनी घरटी एक टोपी नेली तर, असा हिशोब ते करत असतात. दुपारी निवृत्त गृहस्थ येतात, खिसेच खिसे असलेलं जॅकीट घालून, तिवई आणि हातभर लांबीची लेन्स घेऊन. एका पानासाठी ते अर्धा अर्धा तास उभे राहतात. सूर्य ढगाआड गेला की चुळबुळतात आणि आमच्याकडे बघतात, जणू आम्ही काही करू शकतो. संध्याकाळी सायकलवरून भाजी घेऊन जाणाऱ्या बाया थांबतात, ‘किती सुंदर, नाही?’ म्हणतात, त्यावर कुंपणापलीकडून, जमिनीलगतून, ‘धन्यवाद!’ असा आवाज येतो आणि त्या दचकतात. हे तिथं वाकलेले असतात.

रस्त्याचा केर हा इथं नाजूक विषय आहे. क्योतोत जुन्या वस्त्यांमध्ये सकाळी दारासमोर झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीत फूटभर आत जाऊन झाडावं असा रिवाज आहे. तेवढंही झाडलं नाही तर माणूस तुसडा ठरतो. आणि फुटाच्या फार पुढे गेलात तर ‘तुमचं तुम्हाला झाडता येत नाही वाटतं’ असा टोमणा होतो. आमचं गाव क्योतो नव्हे, पण शेजारच्या आजी तिथल्या तोडीच्या आहेत. आमच्या मोमिजीची पानं वाऱ्यानं त्यांच्या दारात जातात. हे साडेसहाला उठून झाडायला जावेत तर आजींनी सहालाच झाडलेलं असतं, त्यांचंही आणि फूटभर आमचंही. मग दुसऱ्या दिवशी हे पावणेसहाला. आता प्रकरण साडेपाचावर आलंय. त्या वेळी अंधार असतो, पान लाल आहे की काळं तेही कळत नाही. पण दोघं एकमेकांना लवून नमस्कार करतात आणि म्हणतात, ‘यंदा रंग छान चढलाय.’

कोरडी पानं निदान खराट्याचं ऐकतात. पाऊस पडून गेला की ती फरशीला, पायरीला, गाडीच्या काचेला अशी चिकटतात की खराटा फिरून परत येतो आणि पान जागेवरच. निवृत्तीनंतर दिवसभर बायकोच्या पायापायात घोटाळणारा, झटकला तरी न सुटणारा जो नवरा असतो, त्याला इथल्या बायका ओलं गळलेलं पान म्हणतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीला हे नाव देशभर गाजलं होतं. आजींनी मला ते शिकवलं तेव्हा त्यांचे यजमान आमच्या ह्यांना खराटा कुठल्या कोनात धरावा ते दाखवत होते. आम्ही दोघींनी दोघांकडे पाहिलं आणि आणखी एकेक कप चहा ओतून घेतला.

या आजोबांच्या गाडीच्या मागे केशरी-पिवळ्या रंगाचं थेंबाच्या आकाराचं एक चिन्ह आहे. वयस्कर चालकांनी लावावं म्हणून १९९७ साली ते निघालं आणि मोमिजी मार्क म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पण म्हाताऱ्यांना त्यात मोमिजी दिसेना. ‘हे वाळकं पान आहे, गळालेलं पान आहे,’ अशी ओरड सुरू झाली, आणि अखेर २०११ मध्ये चार पानांच्या क्लोव्हरचं नवं चिन्ह काढावं लागलं. आजोबांनी जुनंच ठेवलंय. त्यांचं म्हणणं, गळालं असतं तर काचेवर राहिलं असतं का?

त्यांनीच ह्यांना रिक्यूची गोष्ट सांगितली. सेन नो रिक्यू म्हणजे सोळाव्या शतकातला चहाविधीचा महागुरू. त्याचा मुलगा बागेतली वाट झाडत होता. झाडून झालं तरी बाप म्हणे, अजून स्वच्छ नाही. पोरानं परत झाडलं, दगड धुतले, शेवाळावर पाणी शिंपडलं, एक काडी ठेवली नाही. तरी बापाचं समाधान होईना. शेवटी रिक्यू स्वतः बागेत उतरला, त्यानं एक झाड धरून हलवलं आणि लाल-सोनेरी पानांचा सडा पाडला. आता झाली म्हणे बाग स्वच्छ! चहावरच्या पुस्तकांत ही गोष्ट सौंदर्यदृष्टीचा कळस म्हणून येते. त्या पोराला काय वाटलं, याबद्दल सगळी पुस्तकं गप्प आहेत.

ह्यांना मात्र गोष्टीतलं हलवण्याचं तंत्र तेवढं पटलं. सगळी पानं एकाच दिवशी पाडून घेतली तर एकाच दिवशी झाडून होतील, हा त्यांचा विचार. त्यांनी खोड धरून गदागदा हलवलं. पानं थोडीच पडली. बाकी पडले ते ढेकूण, बागेतले हिरवे, चपटे, ढालीच्या आकाराचे, हात लागला की घाण वास सोडणारे. थंडीच्या तोंडावर ते ऊब शोधत असतात. बरेचसे ह्यांच्या स्वेटरवर उतरले आणि उरलेले दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या पंजाबी ड्रेसवर.

फांद्यांचा प्रश्न कायद्याचा आहे. जपानी नागरी संहितेत २३३वं कलम खास याच विषयाला वाहिलेलं आहे. शेजाऱ्याच्या झाडाची मुळं तुमच्या जमिनीत आली तर ती खुशाल कापा. फांदी आली तर मात्र तुम्ही कापायची नाही, शेजाऱ्याला कापायला सांगायचं. मुळाला एक न्याय, फांदीला दुसरा, असं कित्येक वर्षं चाललं. एप्रिल २०२३ पासून नियम सैल झालाय. सांगूनही शेजाऱ्यानं वाजवी मुदतीत कापली नाही तर आता तुम्ही कापू शकता. आजोबांनी हे कलम ह्यांना अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पांत सांगितलं. वर, ‘आम्हाला तुमची फांदी आवडतेच, राहू दे,’ असंही म्हणाले. त्या रात्री ह्यांना झोप लागली नाही.

शेवटी मीच म्हटलं, आपण क्योतोला जाऊ. लोकांची पानं बघू.

तोफुकुजी मंदिरात दोनेक हजार मेपल आहेत. तिथं पूर्वी चेरीची झाडं होती. मिन्चो नावाचा चित्रकार भिक्षू होता. आशिकागा योशिमोची या शोगुननं खूश होऊन त्याला काय हवं ते माग म्हटलं, तर त्यानं मागितलं की ही चेरीची झाडं तोडून टाका, नाहीतर फुलं बघायला लोक जमतील, मौजमजा करतील आणि मंदिराचं मंदिरपण जाईल. झाडं तोडली गेली. आता मेपल बघायला एवढे लोक जमतात की दरीवरच्या त्सुतेनक्यो पुलावर पाऊल आपोआप पुढे सरकतं. आपण उचलावं लागत नाही. गर्दीच्या दिवसांत पुलावर फोटो काढायलाही मनाई असते. तिथून आम्ही यासे भागातल्या रुरिकोइनला गेलो. वरच्या मजल्यावर एक काळंभोर, आरशागत घासलेलं मेज ठेवलेलं असतं आणि बाहेरचं सगळं लाल जंगल त्यात उलटं उतरतं. देखावा खरंच डोळ्यांचं पारणं फेडणारा. मंडळी रांगेनं येतात, मेजाला टेकवून फोन धरतात, आणि खिडकीबाहेरच्या खऱ्या झाडांकडे पाठ करून निघून जातात. हे एका खांबाला टेकून बराच वेळ गप्प उभे होते. मला वाटलं, चला, मान वर झाली एकदाची. जवळ गेले तर म्हणाले, ‘शेवाळावर एक पान नाही बघ. झाडायला माणसं किती असतील गं यांच्याकडे?’

परतताना ओसाकाजवळ मिनोओला उतरलो, कारण तिथं मोमिजीच्या पानांची भजी मिळतात असं ह्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि विल्हेवाटीचा हा मार्ग त्यांना फार आशादायक वाटला होता. भजी मिळतात हे खरं. गोडसर पिठात तीळ घालून तळलेली, कुरकुरीत, आकार अगदी पानाचा. चव पिठाची आणि तिळाची. पान आत आहे ही श्रद्धेची बाब. पण दुकानदारानं खुलासा केला की कुठलंही पडलेलं पान चालत नाही. ठरावीक जातीची पानं, तीसुद्धा स्वच्छ वेचून, वर्षभर मिठात मुरवलेली लागतात. म्हणजे झाडणं गेलं आणि लोणचं घालणं आलं. ह्यांचा चेहरा पडला. मी मात्र आणखी एक पुडा घेतला, सासूबाईंना दाखवायला. ओव्याच्या पानांच्या भज्यांपुढे ही काहीच नाहीत, असा त्यांचा निकाल न चाखताच आला.

झाड लहान असेल तर केरही लहान, या न्यायानं मग बोन्सायचा विचार झाला. आमच्याच प्रांतात ओमियाचं बोन्साय गाव आहे. १९२३च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायवाले मोकळी जागा शोधत तिकडे गेले आणि १९२५मध्ये त्यांनी वस्ती वसवली. वस्तीचे नियम असे: प्रत्येक घरी किमान दहा बोन्साय हवीत, फाटक येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी उघडं हवं, घराला वरचा मजला चढवायचा नाही, कुंपण झाडांचं हवं. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हे चार ठराव मांडून बघा. पहिला मंजूर होईल, चौथ्यावर उपसमिती नेमली जाईल, मधल्या दोघांवरून कोर्टात जावं लागेल. तिथल्या संग्रहालयात मोमिजीचं बोन्साय पाहिलं. मोठ्या झाडाचा सगळा थाट ताटाएवढ्या कुंडीत, पानं नखाएवढी. ‘आणि पडली तर?’ हे म्हणाले. ‘ती चिमट्यानं उचलावी लागतील.’ विचार तिथंच संपला.

पुण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदारानं बांधवली, ती १७०० साली पुरी झाली. पुण्याच्या बागेतही पाणी आहे, पूल आहेत, दगड आहेत, उतरती हिरवळ आहे. फक्त शरद नाही. नोव्हेंबरात गारठा पडतो, लोक कानटोप्या काढतात, पण झाडं हिरवीच. आपल्याकडे थंडीच्या अखेरीला मनापासून लाल होतो तो रस्त्याकडेचा देशी बदाम. त्याच्याखाली तिवई लावून उभा राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. ह्यांना मात्र हल्ली त्या बदामाची राहून राहून आठवण येते. ‘पत्रावळीएवढालं पान,’ ते हळवे होऊन म्हणतात. ‘दोन हातांत किती मावतील बघ!’

डिसेंबरात पानं संपली की निवाशी येतो, म्हणजे बागेचा कारागीर. दुबोटी कापडी बूट घातलेला, कमरेला कात्र्यांचं म्यान लटकवलेला, कमी बोलणारा. तो शिडीवर चढून पाइनच्या जुन्या सुया हातानं एकेक करून ओढून काढतो. हातानं! मोमिजीच्या फांद्या तो आताच छाटतो, कारण हे झाड थंडी सरायच्या आतच जागं होऊन रस वर चढवू लागतं. मग कापलं तर जखम वाहते. दहा वाजता आणि तीन वाजता त्याला चहा आणि गोड काहीतरी द्यायचं, हा रिवाज. मी त्याला एकदा बेसनाचा लाडू दिला. तो त्यानं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, खाल्ला, आणि त्या दिवशी आजोबांच्या बाजूची फांदी न सांगता, पैसे न वाढवता छाटून दिली. तेव्हापासून ह्यांना रात्री झोप लागते.

तोवर पाल्याच्या भरलेल्या पिशव्या आम्ही कचऱ्याच्या वारी, सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत, तोंडाला गाठ मारून, नियमानुसार रस्त्यावर ठेवलेल्या असतात. पूर्वी लोक याच पाल्याची शेकोटी करून त्यात रताळी भाजायचे. आता वस्तीत असा पाला पेटवला तर धुराची तक्रार जाते. पिशव्या ठेवताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मला लाल झाडाखाली कधी दिसलं नाही.

फेब्रुवारीत आम्ही कढीपत्त्यासाठी माती आणायला दुकानात गेलो. मातीच्या शेजारी खताच्या पिशव्या रचलेल्या होत्या आणि त्यांवर सुंदरशा गळलेल्या पानांचं चित्र होतं. ह्यांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. पानगळीच्या पाल्याचं कुजवलेलं खत, बाकी काही नाही. त्याखाली किंमत. ह्यांनी पिशवी उचलली, वजन हातावर तोललं, खाली ठेवली, परत उचलली, आणि सबंध नोव्हेंबर डोळ्यांसमोरून गेल्याचं मला त्यांच्या मानेवरून दिसलं. शेवटी घेतली. कढीपत्त्याला हवीच होती.

रात्री साताऱ्याला फोन झाला तेव्हा हे सगळं त्यांनी आईला सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

‘पाला विकत आणलास?’ सासूबाई म्हणाल्या. ‘अरे, सांगितलं असतंस तर इथून कुणाबरोबर तरी पाठवला असता.’